घोडे पडलेले, नळ्या रिकाम्या

१

स्वयंपाकघरातल्या टेबलावर दुनळी बंदूक आडवी पडली होती. दोन्ही घोडे पडलेले होते. कॅप्टन दाशी निमायेविचने ती मधोमध दुमडली, नळ्या खिडकीकडे धरल्या आणि एक डोळा मिटून आरपार पाहिलं.

"रिकामी, आणि आत काजळीही नाही," तो म्हणाला.

तास्या भट्टीला पाठ लावून उभी होती. पलीकडच्या खोलीत दोन बाकांवर ठेवलेल्या पेटीत तिचे वडील होते, येफीम सावेलिच. पेटीचं झाकण भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि त्यावर कुणीतरी पेन्सिलीने लांबी लिहिलेली होती.

झालं होतं ते एवढंच. पाच दिवसांपूर्वी नाझार लुकिच, शेजारच्या शिकारहद्दीचा माणूस, येफीमच्या खोपटावरून चालला होता. दारापासून वीसेक पावलांवर येफीम बर्फात पडलेला दिसला. भोवती अस्वलाचे माग होते. थंडी पडूनही जे अस्वल गुहेत शिरत नाही, त्याच्यासारखं वाईट तायगाच्या जंगलात दुसरं काही नाही. नाझारने दुसऱ्या दिवशी ते गाठलं आणि मारलं. कातडं सोललं तर त्याला भोक एकच, नाझारच्या गोळीचं. म्हणजे येफीमची बंदूक वाजलीच नव्हती.

"अस्वलापुढे कुणी रिकामी बंदूक घेऊन उभं राहत नाही," कॅप्टन म्हणाला, "आणि राहिलंच, तर दोन्ही चाप ओढत नाही." त्याने साखरेचा खडा दाताखाली धरला आणि त्यावरून चहाचा घोट घेतला. एक दाढ दुखत होती, म्हणून खडा डाव्या बाजूला. "काडतुसं होती. ती कुणीतरी काढून घेतली. का?"

तास्याने भट्टीचं दार लोटलं. ती बोलली असती तर तिला सांगावं लागलं असतं की वडिलांची काडतुसं वडिलांनी भरलेलीच नव्हती. ती तिने भरली होती.

२

सप्टेंबरात ती तीन वर्षांनी घरी आली होती, पंधरा दिवसांची रजा काढून. शहरातल्या ग्रंथालयात ती सूची करायची. पहिल्याच सकाळी वडिलांनी याच टेबलावर पितळी पुंगळ्या मांडल्या, बंदुकीच्या काळ्या दारूचा डबा उघडला, आणि तांब्याचं माप तोंडापर्यंत नेता नेता निम्मी दारू तेलकापडावर सांडली. त्यांनी ती हाताच्या कडेने गोळा केली. पुन्हा सांडली.

"तू भर," ते म्हणाले. "मी सांगतो."

बुडाशी घोड्याच्या ठोक्याने फुटणारी टोपी ठोकायची. दारू. तिच्यावर पुठ्ठ्याची चकती, मग नमद्याच्या, दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या, दोन चकत्या, लाकडी दांडक्याने दाबून. मग छरे किंवा गोळी, आणि वरून मेण. नमदा वडिलांच्या फाटक्या पांढऱ्या बुटांचा, पुठ्ठा साबणाच्या खोक्याचा. वडील समोर बसून नुसते तिचा अंगठा बघत होते. चोवीस काडतुसं झाली; वीस छऱ्यांची, चार गोळीची.

"कुणाला बोलू नकोस," ते म्हणाले. "शिकारकचेरीला कळलं तर माझी हद्द दुसऱ्याला देतील. मग मी इथं बसून काय करू? खिडकी बघू?"

ती कुणाला बोलली नव्हती. आता टेबलापलीकडे बसून कॅप्टन विचारत होता की तुमच्या वडिलांचा हात कसा होता, आणि ती म्हणाली, "वयाच्या मानाने बरा."

डोंगरावर ढग उतरले होते. तास्या आणि कॅप्टन ज्या छोट्या विमानाने आले ते परत गेलं होतं आणि आता ढग उठेपर्यंत दुसरं येणार नव्हतं. कॅप्टनला त्याची घाई नव्हती. तो घरोघर जाऊन चहा प्यायला लागला. तास्यालाही सोबत घेऊन गेला. म्हणाला, लोक तुमच्यासमोर माझ्यापेक्षा कमी खोटं बोलतील.

दुकानदार वेन्याने बंदुकीच्या दारूचा पिंप दाखवला. गावातल्या नऊ शिकाऱ्यांनी याच पिंपातून दारू नेली होती, कुणाचीच तक्रार नव्हती. मग त्याने आवाज उतरवून सांगितलं की येफीम आणि नाझार तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आधी दोघं भावासारखे. भांडण देवदाराच्या कड्यावरून, तिथे सेबल, तो महागड्या कातड्याचा प्राणी, चांगलं मिळतं. "असं सगळे म्हणतात," तो म्हणाला. नाझार स्वतः काय म्हणतो, असं कॅप्टनने विचारलं. वेन्या म्हणाला, नाझार काहीच म्हणत नाही, तो मिठाची पिशवी मागतानासुद्धा बोटानं दाखवतो.

शेजारच्या स्तेपानिदा मावशीने ब्लिनी, पातळ धिरडी, पुढे केल्या आणि तास्यालाच बोल लावले. तुझी आई उल्याना गेल्यापासून बापडा आठ वर्षं एकटा, दिवाबत्ती झाली की कुंपणापाशी येऊन उभा राहायचा, काही मागायचा नाही, नुसता उभा. "तुझी पत्रं मला वाचून दाखवायचा. चारच ओळींची असायची, पण तो एवढा वेळ वाचायचा की मला वाटायचं पोरगीनं पुस्तक पाठवलंय."

तास्याने ब्लिनीची घडी घातली आणि पुन्हा उलगडली.

परतल्यावर कॅप्टनने वडिलांचा पट्टा मागवून घेतला. त्यातलं एक काडतूस काढून चाकूने मेण खरवडलं, चकत्या ओढून काढल्या आणि दारू भट्टीच्या लोखंडी पत्र्यावर ओतली. भस्सकन जाळ झाला. पांढरा धूर छताला लागला.

"कोरडी ठक्क," तो म्हणाला. मग त्याने पांढऱ्या नमद्याची चकती बोटात फिरवली. "आणि काय सुबक काम. बाईच्या हातचं भरतकाम असावं तसं."

त्याने तास्याकडे पाहिलं नाही, आणि त्याने न पाहिल्यामुळेच तिला कळलं की त्याला संशय आला आहे.

३

नाझार लुकिच दारातच उभा राहिला. आत या म्हणाला नाही. उंच, पाठीत वाकलेला, मिशीवर तंबाखूचा पिवळा डाग. अंगात मेंढीच्या कातड्याचा कोट, घरातही.

कॅप्टनने बंदूक सोबत आणली होती. ती तुम्ही उचललीत तेव्हा कशी होती, असं त्याने विचारलं.

"अशीच."

"रिकामी?"

"रिकामी."

"आणि पट्टा?"

"त्याच्या कमरेला. मी हात लावला नाही."

कॅप्टनने बंदूक दुमडली आणि नळीच्या काठावर अंगठा ठेवला. तिथे पितळेचा बारीक पिवळा ओरखडा होता, आणि शेजारी लोखंडावर दुसरा, लखलखीत. थंडीत फुटलेल्या टोपीचं पितळी काडतूस नळीत अडकून बसतं, जुन्या बंदुकीत तर हमखास. ते चाकूच्या टोकाने उचकावं लागतं. हे नाझारला सांगायची गरज नव्हती. कॅप्टनने त्याला एवढंच विचारलं की ओरखड्यावर गंज का नाही.

नाझारने मिशीवरून हात फिरवला.

"मेलेला माणूस काडतूस उचकत नाही, नाझार लुकिच."

"नाही."

"मग तुम्ही उचकलंत."

नाझारने तास्याकडे पाहिलं. लहानपणी याच माणसाने तिला खांद्यावर बसवून गोठलेली नदी ओलांडून नेलं होतं. त्याच्या नजरेत राग नव्हता. शाळेत शिक्षा झालेलं मूल दाराकडे बघतं तसा तो तिच्याकडे बघत होता.

"घराची झडती घ्या," तो म्हणाला. "सापडलं तर न्या."

कॅप्टनने घराची झडती घेतली. भट्टीमागे, छपरात, पिठाच्या पिंपात. काडतुसं नव्हती. बाहेर आल्यावर तो तास्याला म्हणाला की ढग उद्या उठतील असं वेन्याचा गुडघा सांगतोय. विमान आलं की नाझार लुकिच त्यात बसेल. तीन वर्षांचं वैर, रिकामी बंदूक, खोटी जबानी. जिल्ह्यातल्या लोकांना याहून जास्त लागत नाही.

"तुम्हाला वाटतं त्यानेच केलं?" तास्याने विचारलं.

"मला वाटतं, तो कुणालातरी पाठीशी घालतोय. पण त्याचं आहे कोण?" कॅप्टनने दाढेवर हात दाबला. "बायको नाही, पोर नाही. मित्र होता, तो पेटीत आहे."

४

सकाळी आभाळ निवळलं. तास्या वडिलांच्या पेटीशेजारी बसून होती. तिने हिशेब पुन्हा पुन्हा केला होता, आणि प्रत्येक वेळी तो एकाच ठिकाणी येऊन थांबत होता. नाझारकाकाने काडतुसं काढून घेतली, कारण ती वाजली नव्हती. वाजली नव्हती, कारण भरणाऱ्या हाताने काहीतरी चुकवलं होतं. टोपी तिरपी बसली असेल. मेणाला भेग राहिली असेल. अबोला असूनही वडिलांनी अखेरच्या दिवसांत कधीतरी नाझारकाकाला सांगितलंच असेल की यंदा पोरीने भरलीत. आणि आता तो माणूस तिच्यासाठी विमानात बसणार होता.

ती उठली आणि स्तेपानिदा मावशीकडे गेली. तिथे उतरलेला कॅप्टन बूट चढवत होता.

"काडतुसं मी भरली होती," ती म्हणाली. "सप्टेंबरात. सगळी. त्यांचा हात चालत नव्हता."

स्तेपानिदाने हातातली किटली खाली ठेवली.

कॅप्टनला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्याने एक बूट पायात, एक हातात असा विचार केला. मग विचारलं, "किती?"

"काय?"

"भरलीत ती. किती?"

"चोवीस. घरात होत्या तेवढ्या रिकाम्या पुंगळ्या सगळ्या."

त्याने पिशवीतून पट्टा काढून टेबलावर पसरला. शिकारी पितळ फेकत नाहीत. उडवलेली पुंगळी पट्ट्यात परत जाते, तोंड खाली करून. तोंड खाली केलेल्या सात होत्या. तोंड वर, मेणाने बंद, सोळा. आणि काल त्याने फोडलेली एक. त्याने प्रत्येकीवर बोट ठेवत मोजली आणि मग तास्याला मोजायला लावली.

चोवीस.

"चारही गोळ्या जागच्या जागी," तो म्हणाला. "मग बंदुकीत जी दोन होती ती कुठली?"

तास्या खुर्चीत बसली. तिला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली. मग तिला आठवलं. चोवीसावं काडतूस झाल्यावर तिने हात पुढे केला होता, कारण वडिलांच्या सदऱ्याच्या छातीच्या खिशात आणखी दोन पितळी बुडं दिसत होती. "तीही द्या ना." वडिलांनी खिशावर तळवा ठेवला होता. "ती भरलेली आहेत."

"अस्वलाची काडतुसं," स्तेपानिदा म्हणाली. "माझा म्हाताराही डावीकडेच ठेवायचा. अंगावर आलं की हात आपोआप तिथं जातो, पट्ट्याकडे जात नाही. पण ती दर शरदात फोडून नव्यानं भरायची असतात. पोरासोरांना माहीत असतं."

"तुम्ही होतात ते पंधरा दिवस," कॅप्टनने तास्याला विचारलं, "त्यांनी ती फोडली?"

"नाही."

"तुम्हाला फोडू दिली?"

"नाही."

"चाळीस वर्षं तायगात काढलेला माणूस," कॅप्टन हळूच म्हणाला आणि दुसरा बूट चढवला. "चला. नाझार लुकिचला पुन्हा भेटू."

५

नाझारने कपड्यांचं बोचकं बांधून ठेवलं होतं आणि तो बाकावर बसला होता, बसस्टॉपवर बसावं तसा. तास्या त्याच्यासमोर बसली. कॅप्टन दारापाशीच थांबला.

"नाझारकाका," ती म्हणाली, "बाबांनी अस्वलाची काडतुसं बदलली नव्हती ना?"

त्याने कॅप्टनकडे पाहिलं.

"त्याच्याकडे नका बघू. माझ्याकडे बघा."

"लोक हसतील त्याला," नाझार म्हणाला. "येफीमला. एवढा मोठा शिकारी आणि शेंबड्या पोरासारखा मेला. दुकानात वर्षानुवर्षं सांगतील. मला म्हणाले मारेकरी, तर म्हणू दे. मारेकऱ्याला कुणी हसत नाही."

"देवदाराच्या कड्यावरून भांडलात?"

"कडा!" त्याने मान हलवली. "कड्यावर दोघांना पुरून उरेल एवढं सेबल आहे."

मग त्याने सांगितलं, तुटक तुटक, मध्ये मध्ये थांबून. तीन वर्षांपूर्वी तो येफीमच्या खोपटात मुक्कामाला होता. येफीम पाणी आणायला गेला होता, सदरा खुंटीला. नाझारला माहीत होतं की ती दोन काडतुसं हा कित्येक वर्षांत फोडत नाही. विचारलं की म्हणायचा, पुढच्या वर्षी. तेव्हा त्याने ठरवलं, आपणच भरून ठेवू, याला कळणारही नाही. एक फोडलं. नवी दारू शेजारी मापून ठेवली होती. तेवढ्यात येफीम दारात.

"ओरडला का?"

"ओरडला असता तर बरं झालं असतं. जवळ आला आणि म्हणाला, जसं होतं तसं ठेव. मी ठेवलं. तीच दारू, त्याच चकत्या, वरून मेण. मग म्हणाला, आता जा. बर्फ पडत होतं." नाझारने तळहात गुडघ्यांवर घासले. "नवी दारू माझ्या हाताशी होती, तास्या. तो वळला होता तेवढ्यात मी बदलू शकलो असतो. रोज मोजतो मी ते. त्याला भट्टीत लाकूड टाकायला लागला तेवढा वेळ होता."

त्याने कोटाची बटणं काढली, आत हात घातला आणि छातीच्या खिशातून दोन काडतुसं काढून टेबलावर उभी केली. पितळ काळपट, मेणाला भेगा, टोप्यांवर घोड्याच्या ठोक्याची खोल खूण.

"नदीत टाकणार होतो," तो म्हणाला. "टाकवली नाहीत."

कॅप्टनने चाकू तापवला, मेण सोडवलं आणि शिशाची गोळी बाहेर काढली. गोळीमागून चकत्या आल्या. नमदा काळा होता. एका चकतीच्या कडेला लाल लोकरीचा अर्धा टाका.

तास्याने तो टाका ओळखला. आईच्या बुटांवर वरच्या काठाला अशी नक्षी होती, आईनेच घातलेली. बूट अजून घरी माळ्यावर होते. ती तिथे गेली, उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली आणि ते घेऊन परत आली. डाव्या बुटाच्या मागच्या बाजूला, जिथे बूट घातल्यावर स्कर्टाखाली झाकला जातो, चार गोल भोकं होती.

"ही भरली त्या वर्षी घरात दुसरा नमदा नसेल," कॅप्टन म्हणाला.

"होता," नाझार म्हणाला. "माझे जुने बूट मी त्याच शरदात त्याला दिले होते. चकत्यांसाठीच."

कॅप्टनने दुसरं काडतूस रिकामं केलं. नमद्याखाली पुठ्ठ्याची चकती होती, जाड, गुळगुळीत, टपालाच्या कार्डाची. तिच्यावर अर्धा शिक्का, नोव्हेंबर सत्तर. आठ वर्षांपूर्वीचा. पहिल्या काडतुसातली चकती त्याने उलटली तर तिच्यावर जांभळी शाई होती आणि शाईत तास्याचं अक्षर: "चाळिसाव्या दिवसाला." तिथे कड आली होती. खालच्या ओळीत "परीक्षा असल्यामु" एवढंच, पुढचं कापलेलं.

पुढचं तिला वाचायची गरज नव्हती. आई गेली तेव्हा नदी गोठत होती, विमानं बंद होती, ती अंत्यविधीला पोचू शकली नव्हती. पण चाळिसाव्या दिवसाला, मृताच्या स्मरणाच्या जेवणाला, विमान होतं.

कॅप्टनने दारू पत्र्यावर ओतली. ती ओतली गेली नाही, राखाडी ढेकूळ होऊन पडली. फुसफुसली, कडेने थोडी धुमसली आणि विझली.

"आठ हिवाळे छातीशी," तो म्हणाला. "घाम, गरम खोपटं, बाहेर झाडाचं खोड फुटेल अशी थंडी. टोप्या फुटल्या, पण पेट घ्यायला आत काही उरलंच नव्हतं."

"कार्ड जाड असतं," नाझार घाईघाईने म्हणाला. "चकत्यांना चांगलं. आम्ही सगळेच वापरतो, तास्या. हाताला लागलं ते घेतलं असेल."

"हो," ती म्हणाली.

६

येफीम सावेलिचला दुपारी पुरलं. जमीन मऊ करायला आदल्या दिवसापासून कबरीच्या जागी शेकोटी पेटवलेली होती. पेटीचं पुढचं टोक नाझारने धरलं. लोक कुजबुजले, तेव्हा कॅप्टन पुढे होऊन त्याच्याशेजारी उभा राहिला आणि त्याने दुसरी बाजू धरली. मग कुणी कुजबुजलं नाही.

स्तेपानिदाकडच्या जेवणात वेन्याने शेवटी विचारलंच, की मग झालं काय, कॅप्टन? कॅप्टन तोंडातला घास चावत राहिला. नाझार ताटात बघत होता. तास्या उभी राहिली.

"अस्वलाची काडतुसं बाबांनी आठ वर्षं फोडली नव्हती," ती म्हणाली. "त्यात माझ्या आईच्या बुटांचा नमदा होता. दारू सर्दली. बाकीची यंदा मी भरली होती, ती चांगली आहेत. नाझारकाकाने काडतुसं काढून घेतली, कारण तुम्ही हसाल असं त्याला वाटलं."

कार्डाचं ती बोलली नाही.

कुणी हसलं नाही. वेन्याने बाटली उचलली, आधी नाझारचा पेला भरला, मग स्वतःचा. नाझारने बोटाने पुरे अशी खूण केली आणि नंतर, बऱ्याच वेळाने, "पुरे" असं तोंडानेही म्हणाला.

विमान यायच्या आधी कॅप्टनने टेबलावर कागद पसरून अहवाल लिहिला आणि कायद्याप्रमाणे तिला वाचून दाखवला. घोडे पडलेले, टोप्या फुटलेल्या, दारू निकामी. नाझार लुकिचविरुद्ध काही नाही. शेवटची ओळ अशी होती: मृताने काडतुसांतील दारू बदलली नाही, कारण अज्ञात.

"इथे सही," तो म्हणाला. तिने लेखणी उचलली पण टेकवली नाही, तेव्हा तो थांबला. "हे शेवटचे दोन शब्द मी बदलू शकतो. तुम्ही सांगाल ते लिहितो."

तास्याने ओळ पुन्हा वाचली. ग्रंथालयात तिच्यापुढे सूचीची कार्डं रोज येत. जिथे लेखकाचं नाव माहीत नसे तिथे तीच 'अज्ञात' हा शब्द लिहीत असे, आणि एवढ्या वर्षांत तिने तो लिहिताना कधी खोटं लिहिलं नव्हतं. खिडकीबाहेर नाझार कुंपणापाशी येऊन उभा होता. काही मागत नव्हता, नुसता उभा होता.

"राहू द्या," ती म्हणाली आणि सही केली. मग तिने कॅप्टनला सांगितलं की या विमानाने मी येत नाही, चाळिसावा दिवस झाला की येईन, आणि दार उघडून नाझारला आत बोलावलं.